कोरोना कुळातील विषाणू, प्रतिपिंडांची स्मृती आणि व्यापक लसीचा शोध

सन २००३ मध्ये सार्सच्या आजारातून बऱ्या झालेल्या एका व्यक्तीच्या रक्ताचा नमुना दहा वर्षांनी, २०१३ साली, संशोधनासाठी घेण्यात आला होता. २०२० च्या आरंभी कोविड-१९ ची साथ पसरू लागली, तेव्हा स्वित्झर्लंडमधील बेलिंझोना आणि अमेरिकेतील सिएटल येथील शास्त्रज्ञांनी त्या रक्तातील स्मृतिपेशींपासून मिळवलेली प्रतिपिंडे नव्या विषाणूवर तपासून पाहिली. त्यांपैकी ‘एस ३०९’ या प्रतिपिंडाने नव्या विषाणूलाही निष्प्रभ केले. ज्या शरीरात ते तयार झाले होते, त्या शरीराने हा विषाणू कधी पाहिलेलाही नव्हता.

या प्रतिपिंडात थोडे फेरफार करून बनवलेल्या सोट्रोविमॅब या औषधाला मे २०२१ मध्ये अमेरिकेत आपत्कालीन वापराची संमती मिळाली. मात्र एप्रिल २०२२ मध्ये, ओमायक्रॉनच्या बीए.२ या उपप्रकारापुढे ते पुरेसे परिणामकारक ठरत नाही असे आढळल्याने, तेथील अन्न व औषध प्रशासनाने त्याचा वापर थांबवला. सतरा वर्षांचे अंतर ओलांडून आलेले प्रतिपिंड एका वर्षात मागे पडले. कोरोना कुळातील सर्व विषाणूंना अटकाव करणारी एकच लस शक्य आहे काय, या प्रश्नाची आशा आणि अडचण या दोन्ही बाजू या घटनाक्रमात दिसतात.

सात विषाणूंचे कूळ

माणसाला बाधणारे कोरोना विषाणू आजवर सात ज्ञात आहेत. त्यांपैकी २२९-ई, ओसी-४३, एनएल-६३ आणि एचकेयू-१ हे चार विषाणू सर्दी-पडशाला कारणीभूत होतात आणि जगभर वर्षानुवर्षे फिरत असतात. पहिल्या दोघांचा शोध १९६० च्या दशकात लागला. उरलेले दोन मात्र सार्सच्या साथीनंतर, २००४ आणि २००५ मध्ये प्रकाशात आले. सार्सने घाबरवले नसते, तर साध्या सर्दीच्या विषाणूंकडे इतक्या बारकाईने कोणी पाहिले असते की नाही, याची शंकाच आहे.

गंभीर आजार घडवणारे तीन विषाणू म्हणजे सार्स, मर्स आणि कोविड-१९ चे विषाणू. चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात नोव्हेंबर २००२ मध्ये सुरू झालेल्या सार्सच्या साथीत जागतिक आरोग्य संघटनेने ८,०९६ रुग्णांची आणि ७७४ मृत्यूंची नोंद केली. भारतात त्यावेळी केवळ तीन संभाव्य रुग्ण नोंदले गेले व एकही मृत्यू झाला नाही. मर्सचा विषाणू २०१२ मध्ये सौदी अरेबियात आढळला. तो उंटांकडून माणसाकडे येतो. त्याचे रुग्ण २,६०० च्या आसपास असले, तरी दर तीन रुग्णांमागे एकापेक्षा अधिक मृत्यू झाले आहेत. कोविड-१९ मुळे जगात ७० लाखांहून अधिक मृत्यू अधिकृतरीत्या नोंदले गेले. प्रत्यक्षात २०२० व २०२१ या दोन वर्षांतच सुमारे १ कोटी ४९ लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये व्यक्त केला. दोन दशकांत एकाच कुळातून तीन वेळा असा विषाणू आला आहे आणि चौथा येणार नाही असे मानण्यास कोणताही शास्त्रीय आधार नाही.

या तिघांचे परस्परांशी नाते सारखे नाही. सार्स आणि कोविडच्या विषाणूंचा जनुकीय क्रम सुमारे ८० टक्के जुळतो, तर मर्सशी कोविडचे साम्य जेमतेम ५० टक्के भरते. सार्स व कोविड हे सख्खे भाऊ मानले, तर मर्स हा चुलत आणि २२९-ई हा दूरच्या भावकीतला म्हणता येईल. एकाची ओळख दुसऱ्याच्या बाबतीत किती उपयोगी पडते, हे बऱ्याच अंशी या नात्याच्या जवळिकीवर ठरते.

काट्याची टोके आणि देठ

या विषाणूंच्या पृष्ठभागावर काट्यांसारखी प्रथिने असतात. त्यांना स्पाइक प्रथिने म्हणतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती प्रभामंडलासारखी दिसतात, म्हणूनच १९६८ मध्ये या कुळाला ‘कोरोना’ हे नाव मिळाले. प्रत्येक काट्याचे दोन भाग असतात. टोकाकडील भागात सुमारे दोनशे अमिनो आम्लांचा एक तुकडा असतो. कोविडच्या विषाणूत तो आपल्या पेशीवरील एसीई-२ या प्रथिनाला जाऊन चिकटतो. ही विषाणूची पकड होय. त्याखालील देठासारखा भाग विषाणूचे आवरण आणि पेशीचे आवरण एकमेकांत मिसळवून विषाणूला आत प्रवेश मिळवून देतो.

कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तात विषाणूला निष्प्रभ करण्याची जी क्षमता असते, तिचा सुमारे ९० टक्के वाटा पकडीच्या तुकड्यावर रोखलेल्या प्रतिपिंडांचा असतो. हे स्वाभाविकच आहे. पकड झाकली की विषाणूला पेशीला चिकटता येत नाही. परंतु हाच भाग सर्वांत अधिक बदलणारा आहे. प्रतिपिंडांचा मारा जेथे सर्वाधिक, तेथेच उत्परिवर्तने टिकून राहतात, कारण ती विषाणूच्या फायद्याची असतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि बोट्सवाना येथून समोर आलेल्या ओमायक्रॉनच्या काट्यात तीसहून अधिक बदल होते आणि त्यांपैकी बरेचसे या पकडीवरच होते.

देठाचा भाग याच्या उलट आहे. आवरणे एकत्र आणण्याचे काम यंत्रासारखे काटेकोर असल्याने त्यात बदल झाले तर विषाणूच निकामी होण्याची शक्यता असते. सार्स आणि कोविडच्या विषाणूंचा देठ सुमारे ९० टक्के सारखा आहे आणि त्यातील काही छोटे तुकडे सर्दीच्या विषाणूंमध्येही जवळपास जसेच्या तसे आढळतात. मग शरीर या भागाविरुद्ध प्रतिपिंडे का तयार करत नाही? तयार करते, पण थोडी, आणि बहुतांशी दुबळी. देठ टोकाखाली दडलेला असतो. प्रत्येक काटा एकसारख्या तीन साखळ्यांनी बनलेला असून प्रत्येक साखळीवर शर्करारेणू जोडले जाण्याच्या २२ जागा असतात. या शर्करेच्या पडद्याआड देठाचे नाजूक भाग झाकले जातात आणि विषाणू पेशीत शिरत असताना क्षणभरच उघडे पडतात.

ओळख पटणे म्हणजे संरक्षण नव्हे

साथीच्या पहिल्या वर्षी अनेकांना एक आशा वाटत होती. प्रत्येकाला आयुष्यात कधी ना कधी कोरोना कुळातील सर्दी झालेली असते. त्या सर्दीने तयार झालेली प्रतिपिंडे कोविडपासून काही संरक्षण देत असतील काय?

लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतील संशोधकांनी २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध केलेले निष्कर्ष या आशेला बळ देणारे होते. कोविडचा संसर्ग न झालेल्या प्रौढांपैकी सुमारे ५ टक्के लोकांच्या रक्तात कोविडच्या काट्याला चिकटणारी प्रतिपिंडे सापडली. सहा ते सोळा वर्षे वयोगटातील मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे ६० टक्के होते. ही प्रतिपिंडे मुख्यतः देठाला चिकटणारी होती. मुलांना कोविड सौम्य का होतो याचे उत्तर सापडले, असे तेव्हा अनेकांना वाटले.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये वेगळे चित्र मांडले. साथीपूर्वी, २०१७ मध्ये, घेतलेल्या नमुन्यांची त्यांनी तपासणी केली. सुमारे २० टक्के लोकांकडे कोविडच्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडे होती. मात्र ती विषाणूला निष्प्रभ करत नव्हती. ज्यांच्याकडे ती होती, त्यांना संसर्ग कमी झाला किंवा रुग्णालयात जाण्याची वेळ कमी आली, असेही दिसले नाही.

या विषयावरील बातम्या वाचताना हा फरक सतत ध्यानात ठेवला पाहिजे. एखादे प्रतिपिंड दुसऱ्या विषाणूला चिकटते, एवढ्यावरून ते त्याला रोखते असे ठरत नाही. सार्सच्या रुग्णापासून मिळालेले ‘सीआर ३०२२’ हे प्रतिपिंड कोविडच्या काट्याला घट्ट चिकटते, तरीही विषाणूला निष्प्रभ करण्यात ते फारसे उपयोगी ठरले नाही. चिकटण्याची जागा कोणती, कोन कोणता आणि पकड किती काळ टिकते, यावर सर्व काही अवलंबून असते.

शिवाय सर्दीच्या विषाणूंपासूनचे संरक्षण त्या त्या विषाणूपुरतेसुद्धा अल्पजीवी असते. ॲमस्टरडॅम येथे दहा निरोगी पुरुषांचे १९८० च्या दशकापासून साठवलेले रक्तनमुने तपासले असता, तोच विषाणू पुन्हा बाधण्यास अनेकदा बारा महिनेच पुरे होतात, असे २०२० मध्ये दिसून आले. इंग्लंडमधील सॅलिसबरी येथे सर्दीवर संशोधन करणारे एक केंद्र १९४६ ते १९९० या काळात कार्यरत होते. तेथे स्वयंसेवकांना २२९-ई चा संसर्ग मुद्दाम देऊन पाहिला गेला. वर्षभराने त्यांपैकी अनेकांना तोच संसर्ग पुन्हा झाला, पण सर्दी मात्र कोणालाही झाली नाही. संसर्ग टाळणे आणि आजार टाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या जुन्या प्रयोगातही स्पष्ट झाले होते.

आजार टाळण्यात टी-पेशींचा वाटा मोठा असतो. सिंगापूरमध्ये सार्समधून बऱ्या झालेल्या २३ जणांच्या रक्तात सतरा वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी आढळल्या आणि कोविडच्या विषाणूलाही त्यांनी प्रतिसाद दिला.

सिंगापूरचे आठ जण

सिंगापूरमधीलच आणखी एक निरीक्षण व्यापक लसीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे ठरले. २००३ मध्ये सार्स होऊन गेलेल्या आठ व्यक्तींना कोविडकाळात फायझरची एमआरएनए लस देण्यात आली. त्यानंतर त्यांच्या रक्तात जी प्रतिपिंडे निर्माण झाली, त्यांनी सार्स आणि कोविडचे प्रकार तर निष्प्रभ केलेच, पण वटवाघळांत व खवल्या मांजरांत आढळलेल्या संबंधित विषाणूंनाही रोखले. ज्यांना केवळ कोविड झाला होता किंवा केवळ लस मिळाली होती, त्यांच्यात अशी व्यापकता दिसली नाही. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

आठ ही संख्या लहान आहे. तरीही या घटनेने एक तत्त्व दाखवून दिले. एकाच विषाणूची ओळख पुन्हा पुन्हा करून देण्यापेक्षा, नात्यातील पण थोडा वेगळा विषाणू दाखवला, तर प्रतिकारयंत्रणा दोघांतील समान भागाकडे वळते. पहिल्या वेळी तयार झालेल्या स्मृतिपेशींपैकी ज्यांना दुसराही विषाणू ओळखता येतो, त्यांचीच वाढ होते.

याच तत्त्वाची दुसरी बाजूही आहे. पहिल्या ओळखीचा ठसा इतका खोल असतो की पुढे नवा प्रकार आला, तरी शरीर जुन्याच प्रतिपिंडांचे उत्पादन वाढवत राहते. इन्फ्लुएंझाच्या बाबतीत अमेरिकी शास्त्रज्ञ थॉमस फ्रान्सिस यांनी १९६० मध्ये या प्रवृत्तीला ‘मूळ प्रतिजनाचे पाप’ असे नाव दिले होते. २०२२ मध्ये मूळ विषाणू आणि ओमायक्रॉन या दोन्हींचा समावेश असलेल्या लसी आल्या, तेव्हा त्यांचा लाभ जुन्या लसीच्या आणखी एका मात्रेपेक्षा फारसा अधिक नसल्याचे काही अभ्यासांत दिसले. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार गटाने मूळ विषाणूचा घटक वगळून एक्सबीबी कुळातील प्रकारांवर आधारित लसींची शिफारस केली. पुण्यातील जेनोव्हा कंपनीची ओमायक्रॉनवर बेतलेली एमआरएनए लस जून २०२३ मध्ये भारतात आली. तोपर्यंत विषाणू पुढच्या उपप्रकारांकडे सरकलेला होता. उपप्रकारामागे धावण्याच्या पद्धतीची ही मर्यादा सर्वच देशांनी अनुभवली.

ठसा नेहमी अपायकारकच असतो, असे मात्र म्हणता येणार नाही. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या २०२४ मधील अभ्यासात, लसीच्या बदलत्या मात्रा क्रमाने घेतलेल्यांमध्ये अनेक प्रकारांना लागू पडणारी प्रतिपिंडे वाढल्याचे आढळले.

लस घडवण्याचे मार्ग

नात्यातील विषाणूने नात्यातील विषाणूला आवर घालणे ही कल्पना नवी नाही. लसीकरणाचा उगमच तेथे आहे. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गोस्तनदेवीच्या साहाय्याने मानवी देवीपासून संरक्षण मिळवून दिले. भारतात ही लस सर्वप्रथम मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. देवीचा विषाणू फारसा बदलत नसे, म्हणून तेथे नातेसंबंध पुरेसा ठरला. कोरोना कुळात तसे नाही. तेथे समान भाग कोणता, हे लसीलाच दाखवून द्यावे लागते.

या दिशेने झालेल्या प्रयत्नांत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील पामेला ब्योर्कमन यांच्या गटाचे काम विशेष लक्षवेधी आहे. त्यांनी साठ जागा असलेल्या एका अतिसूक्ष्म प्रथिनगोलकावर सार्सच्या उपकुळातील आठ वेगवेगळ्या विषाणूंच्या पकडीचे तुकडे सरमिसळ करून बसवले. प्रतिपिंड निर्माण करणाऱ्या बी-पेशीवरील ग्राही रेणूला दोन बाहू असतात. शेजारी शेजारी असलेले तुकडे भिन्न विषाणूंचे असल्यामुळे, दोन्ही बाहूंनी घट्ट पकड घेणे त्याच पेशीला जमते जी सर्वांतील समान भाग ओळखते. केवळ एका विषाणूचा बदलता भाग ओळखणारी पेशी एका बाहूवर लोंबकळत राहते आणि स्पर्धेत मागे पडते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या लसीने उंदरांना व माकडांना २००३ च्या सार्स विषाणूपासून संरक्षण दिले. त्या आठ तुकड्यांत सार्सचा तुकडा नव्हता, हे यातील खरे मर्म. तुलनेसाठी केवळ कोविडचे तुकडे बसवलेल्या गोलकाला असे संरक्षण देता आले नाही.

अमेरिकेच्या वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्थेने फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनाच्या गोलकावर पूर्ण काटे बसवून लस तयार केली. तिच्या मानवी चाचण्यांचा पहिला टप्पा एप्रिल २०२१ मध्ये सुरू झाला. ड्यूक विद्यापीठाने अशाच गोलकावर पकडीचे तुकडे वापरले, तर उत्तर कॅरोलायना विद्यापीठात अनेक विषाणूंचे अंश जोडून तयार केलेला संकरित काटा एमआरएनएच्या रूपाने देण्यात आला. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाशी संबंधित शास्त्रज्ञांनी संगणकाच्या साहाय्याने आखलेल्या प्रतिजनाची सुईविरहित लस डिसेंबर २०२१ मध्ये साउदॅम्प्टन येथे स्वयंसेवकांवर तपासण्यास घेतली.

हे बहुतेक प्रयत्न सार्स-कोविडच्या उपकुळापुरते आहेत, मर्स त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. त्याहून रुंद जाळे टाकायचे तर देठाकडे वळावे लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधील संशोधकांना २०२२ मध्ये अशी काही मानवी प्रतिपिंडे सापडली, जी देठातील एका अल्पशा तुकड्याला चिकटून सर्दीच्या आणि गंभीर आजाराच्या अशा दोन्ही प्रकारच्या कोरोना विषाणूंना निष्प्रभ करतात. व्याप्ती मोठी असली, तरी त्यांची मारक शक्ती पकडीवरील प्रतिपिंडांच्या मानाने कमी भरते. जितके रुंद तितके दुबळे, हा पेच अजून सुटलेला नाही.

सावधगिरीचे एक कारणही येथे नोंदवले पाहिजे. विषाणूला चिकटणारे पण न रोखणारे प्रतिपिंड क्वचित आजार वाढवू शकते. मांजरांच्या कोरोना विषाणूवरील एका प्रायोगिक लसीच्या बाबतीत, लस दिलेली पिल्ले न दिलेल्यांपेक्षा लवकर दगावल्याचे १९९० मध्ये नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी नोंदवले होते. कोविड लसींच्या अब्जावधी मात्रा दिल्या गेल्यावरही असा परिणाम दिसून आलेला नाही. तथापि नव्या रचनेच्या प्रत्येक लसीत ही शक्यता तपासली जाते.

जो विषाणू आलाच नाही, त्याची चाचणी

व्यापक लसीपुढील सर्वांत कठीण प्रश्न कदाचित प्रयोगशाळेबाहेरचा आहे. अद्याप माणसात न आलेल्या विषाणूपासून लस संरक्षण देते, हे सिद्ध कसे करायचे? रुग्णच नाहीत, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने हजारो लोकांवर तिसऱ्या टप्प्याची चाचणी घेता येत नाही. वटवाघळांतील विविध विषाणूंवर रक्तद्रवाची कसोटी आणि प्राण्यांवरील प्रयोग, एवढाच पुरावा हाती असतो. तो मान्यतेसाठी पुरेसा मानायचा की नाही, हे औषध नियामकांनी ठरवायचे आहे. त्यातच आज जवळपास प्रत्येक माणसाला कोविडचा संसर्ग किंवा लस, अथवा दोन्ही मिळालेले आहे. कोऱ्या पाटीवर परिणाम मोजण्याची सोय उरलेली नाही.

निधीचा प्रश्नही आहेच. साथरोग लसींसाठी काम करणाऱ्या ‘सेपी’ या आंतरराष्ट्रीय आघाडीने मार्च २०२१ मध्ये व्यापक कोरोना लसींसाठी २० कोटी डॉलर राखून ठेवले. अमेरिकेने २०२३ मध्ये पुढील पिढीच्या लसी व औषधांसाठी ५ अब्ज डॉलरचा प्रकल्प जाहीर केला. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच देशाच्या आरोग्य विभागाने एमआरएनए लसींचे २२ प्रकल्प आवरते घेण्याचा निर्णय केला. त्यांची एकत्रित रक्कम ५० कोटी डॉलरच्या आसपास होती. साथ ओसरली की पैसा ओसरतो, हे सार्सनंतरही घडले होते. तेव्हा तयार होऊ लागलेल्या लसी अर्ध्यावर राहिल्या.

भारतातील प्रयत्न

भारतात या दिशेने काही काम झाले आहे. हैदराबादची भारत बायोटेक, ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठ आणि स्वित्झर्लंडची एक्सेलजीन यांना सेपीने एप्रिल २०२२ मध्ये, कोविडच्या सर्व प्रकारांवर चालू शकेल अशा लसीसाठी १ कोटी ९३ लाख डॉलरपर्यंत निधी मंजूर केला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राघवन वरदराजन यांच्या गटाने पकडीचा तुकडा आणि देठ या दोन्हींचे अंश एकत्र जोडून ‘आरएस-२’ नावाचे प्रतिजन घडवले. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार त्याने उंदरांना व हॅमस्टरना संरक्षण दिले. ते सामान्य तापमानात महिनाभर टिकते, ही बाब शीतसाखळी अपुरी असलेल्या ग्रामीण भागाच्या दृष्टीने कमी महत्त्वाची नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये केरळ, हिमाचल प्रदेश, तामिळनाडू आणि पुदुच्चेरी येथील वटवाघळांच्या दोन प्रजातींत कोरोना विषाणूंचे अस्तित्व नोंदवले. हे विषाणू सार्स-कोविडच्या उपकुळातील नसून बीटा शाखेतीलच दुसऱ्या एका उपकुळातील आहेत आणि त्यांनी माणसाला बाधा केल्याचा पुरावा नाही. मात्र सध्याच्या व्यापक लसींपैकी बहुतेकींची आखणी या उपकुळासाठी झालेलीच नाही.

कोरोना कुळातील सर्व विषाणूंवर लागू पडणारी लस आजवर कोणत्याही देशात मंजूर झालेली नाही. कोविडच्या विषाणूचा जनुकीय क्रम जानेवारी २०२० मध्ये जगाला उपलब्ध झाला आणि पूर्ण चाचण्यांनंतर मान्यता मिळालेल्या लसीची पहिली मात्रा ब्रिटनमध्ये ८ डिसेंबर २०२० रोजी दिली गेली. लसींच्या इतिहासात याहून कमी अवधी कधी लागला नव्हता. त्या अकरा महिन्यांत जगात पंधरा लाखांहून अधिक मृत्यूंची नोंद झाली होती.